तीनचा आठ

नाण्यांच्या त्या धंद्याला दुकान म्हणायची सोय नव्हती. रस्त्यावर पाटी नाही, काचेचं कपाट नाही, दारात उभं राहून घासाघीस करणारं गिऱ्हाईक नाही. तिसऱ्या मजल्यावर एकामागे एक अशा तीन खोल्या. पहिलीत मालक आणि फोन घेणारी मुलगी, दुसरीत फोटोताई, आणि तिसरीत पुठ्ठ्यांच्या ढिगाऱ्यात टेपमामा. गिऱ्हाइकं गावोगावी आपापल्या घरात बसून कॉम्प्युटरवर नाण्यांचे फोटो बघायची आणि तिथूनच बोली लावायची. म्हणजे फोटो हेच दुकान. ते दुकान अकरा वर्षं फोटोताई एकटीने मांडत आली होती.

टेपमामांचं नाव टेपमामा पडलं ते चिकटपट्टीच्या रिळामुळे. ते रीळ त्यांच्या डाव्या मनगटात बांगडीसारखं कायम असायचं. जेवतानाही काढायचे नाहीत. एकदा तसेच घरी निघाले तर बसमध्ये शेजारच्या माणसाने विचारलं, "घड्याळ नवीन का हो?" मामा म्हणाले, "हो, पण वेळ चिकटून बसते." हा किस्सा ते स्वतःच सांगायचे आणि स्वतःच सगळ्यांच्या आधी हसायचे. साठी उलटलेली होती. हात मात्र कसबी. कोणाच्या चष्म्याची दांडी तुटली, कोणाच्या डब्याचं झाकण तडकलं, की ते मामांच्या टेबलावर जायचं. कसलंतरी चिकटवायचं औषध आणि सुईच्या टोकाएवढा ब्रश घेऊन ते असं जोडायचे की जोड शोधून सापडू नये. फोटोताईचा चष्माही त्यांनी दोनदा जोडून दिला होता.

तिचं काम सांगायला सोपं होतं. जुनी नाणी आधी परीक्षकांच्या संस्थेकडे जात. ते लोक प्रत्येक नाण्याला सत्तरपैकी गुण देत आणि ते एका जाड पारदर्शक डबीत कायमचं बंद करून पाठवत. डबीच्या डोक्याशी कागदाची पट्टी असे. तिच्यावर नाण्याचं साल, किंमत, मिळालेले गुण आणि एक लांबलचक नंबर. फोटोताई डबी मऊ फडक्याने पुसायची, काळ्या मखमलीवर ठेवायची, दोन दिवे असे तिरपे करायची की प्लास्टिकवर चमक येऊ नये, आणि तीन फोटो काढायची. नाण्याची पुढची बाजू, मागची बाजू आणि पट्टीसकट अख्खी डबी. पहिले दोन नाण्याच्या कडेने कापून, त्यांना नंबराचं नाव देऊन यादीत चढवायचे. तिसरा नुसता साठवून ठेवायचा. तो कोणी कधी बघत नसे.

"नावं द्यायची त्यात काय एवढं?" शेजारीण एकदा म्हणाली होती.

"मोठ्या इस्पितळात एकदाच दोन बाळांची नावं बदलून बघा," फोटोताई म्हणाली होती, "मग कळेल काय एवढं."

याआधी वीस वर्षं ती एका फोटो स्टुडिओत होती. तिथे तिचं काम नेमकं उलटं. बारीक ब्रशने लोकांच्या गालावरचे डाग, व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसून टाकायची. लग्न ठरायच्या मुली फोटो बघून म्हणायच्या, "ही मी नाहीच!" आणि खूश होऊन घेऊन जायच्या. स्टुडिओ बंद पडला आणि ती इथे आली तेव्हा मालकांनी पहिल्या दिवशी एकच सांगितलं, "इथे काहीही पुसायचं नाही. ओरखडा असेल तर ओरखडा दिसलाच पाहिजे." तिला ते इतकं आवडलं की घरी येऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं. एकदा नजरेखालून गेलेलं नाणं ती विसरत नसे. पाच वर्षांपूर्वीचं नाणं दुसऱ्या कोणाच्या मालातून परत आलं तर म्हणायची, "हे आपल्याकडे येऊन गेलंय, याच्या हनुवटीखाली टिंब आहे बघा." आणि टिंब असायचं.

अशा बाईला न्हाणीघराच्या दाराची चौकट मधेच फुगलेली दिसायला लागली.

तिने नवऱ्याला सांगितलं, "अहो, लाकूड पाणी प्यालंय वाटतं. वाकलंय." नवरा कुलपं दुरुस्त करणारा, हाताशी पट्टी असायचीच. त्याने पट्टी लावून बघितली आणि म्हणाला, "अगं, सरळ आहे. तूच वाकडी बघतेस." दोघं हसली आणि विषय संपला. पण मग वर्तमानपत्रातल्या ओळी मधोमध खड्ड्यात उतरल्यासारख्या दिसायला लागल्या, आणि समोरच्या माणसाचे कान दिसावेत पण नाक धुरकट व्हावं असं होऊ लागलं. तिने फुटपाथवरून जास्त नंबरचा चष्मा घेतला, दिव्याचा प्रकाश वाढवला आणि कोणाला काही बोलली नाही. वयाचं असेल. सगळ्यांनाच होतं. असं म्हटलं की दिवस निघायचा. नंबर वाचताना आता ती यादीचा आधार घ्यायची. डबीवर नीट दिसलं नाही तर यादीत कोणता नंबर उरलाय ते बघायचं, की झालं. यादी तिने स्वतःच मोठ्या अक्षरात छापून घेतली होती.

त्या लिलावात एकाच संग्राहकाची दोन नाणी होती. साल एक, राजा एक, चांदी एक, गुणही दोघांना चौसष्टच. नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत सारखे, फक्त एकाच्या शेवटी तीन आणि दुसऱ्याच्या शेवटी आठ. पण चेहऱ्यात जमीन-अस्मानाचा फरक. एकावर शंभर वर्षांच्या हवेने रंग चढवला होता, कडेने निळा, आत सोनेरी, राजाच्या कानामागे गुलाबी. दुसऱ्याच्या गालावर आडवा ओरखडा होता. रंगाच्या नाण्याला लोक गुणांकडे न बघता वाटेल तेवढी बोली लावतात.

ते रंगाचं नाणं एका निवृत्त जहाजी इंजिनियरने घेतलं. मालकांचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक, शब्दाचा पक्का आणि रागाचाही. पार्सल पोचलं आणि आठव्या दिवशी परत आलं. सोबत चार ओळींची चिठ्ठी होती. डबी तीच, नंबर तोच, पण नाणं फोटोतलं नाही. आत ओरखड्याचं नाणं आहे. डबीच्या कोपऱ्याला पांढरी चीर आहे. तुमच्याकडे कोणीतरी डबी उघडून नाणं बदललं आहे.

सोमवारी सकाळी मालकांनी तिघांना पहिल्या खोलीत बोलावलं. टेबलावर डबी ठेवली होती. फोनवाली मुलगी खुर्चीच्या कडेला बसली. टेपमामा उभेच राहिले.

"ही डबी उघडायची म्हणजे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही," मालक म्हणाले. "उघडून परत अशी चिकटवायची की फक्त एवढीशी चीर राहावी. या ऑफिसात हे कोणाला जमेल?"

नजरा काही आपल्या ताब्यात नसतात. तिघांच्या नजरा एकाच माणसाकडे गेल्या.

"साहेब, मी फक्त नंबर बघून बांधलं," टेपमामा म्हणाले. "ऑर्डरच्या चिठ्ठीवर आठ, डबीवर आठ. बांधलं. गालावर काय आहे ते मी बघत नाही, मला त्यातलं कळतही नाही."

मालक फोटोताईकडे वळले. "तुमचा फोटो बरोबर आहे ना? एकदा परत बघता का?"

सगळी गोष्ट खरं तर या एका प्रश्नाशी अडली होती. पलीकडच्या खोलीत कॉम्प्युटर चालूच होता. साठवणीतला तिसरा फोटो उघडायचा, पट्टीवरचा नंबर बघायचा. पाच मिनिटांचं काम. पण फोटोताईला तो प्रश्नच झोंबला. अकरा वर्षांनंतर हे विचारायचं? आणि झोंबण्याच्याही खाली, खूप खाली, चौकटीचा तो फुगवटा होता. त्याच्याकडे तिला बघायचं नव्हतं.

"अकरा वर्षांत माझा एक फोटो इकडचा तिकडे झालेला नाही," ती म्हणाली. "बघायची गरज नाही."

आवाज चांगला खणखणीत लागला होता. टेपमामांनी तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, नुसता प्रश्न होता. मग त्यांनी मनगटातलं रीळ काढलं, टेबलावर ठेवलं, आणि मालकांनी पुढचं काही म्हणायच्या आतच म्हणाले, "मी निघतो. माझं सामान तपासून घ्या."

सामान म्हणजे एक कात्री, जेवणाचा डबा आणि स्वेटर. मालकांनी खरंच तपासलं. पोलिसांत दिलं नाही, हा उपकार म्हणून चार जणांना सांगितलं. इंजिनियरला पैसे परत गेले, वर पत्र गेलं की गुन्हेगार सापडला असून त्याला काढून टाकलं आहे.

पुढचे पंधरा दिवस फोटोताईने डोळ्यांत तेल घालून काम केलं. एकेक नंबर तीन-तीनदा वाचला. संध्याकाळी डोकं ठणकायचं. घरी गेल्यावर नवऱ्याशी उगाच टेपमामांबद्दल बोलायची. "कोणाच्या मनात काय असतं सांगता येत नाही. हात कसबी असले की मोह होतोच." नवरा म्हणाला, "तू हे मला रोज का सांगतेस?" तेव्हा ती उठून भांडी घासायला लागली.

सोळाव्या दिवशी सकाळी तिने चहा ओतला तो कपात न पडता बशीच्याही बाहेर, ओट्यावर पडला. कप तिला दिसत होता, पण जिथे दिसत होता तिथे तो नव्हता. नवऱ्याने किटली हातातून काढून घेतली. "आज कामावर नाही. आज डॉक्टर," तो म्हणाला, आणि तिच्या चपला पुढे आणून ठेवल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला साध्या. त्यांनी चौकटी-चौकटींचा एक कागद पुढे धरला, मधे ठिपका होता. "डावा डोळा झाका. रेघा कशा दिसतात?"

"मधे गुंता झालाय. जाळं कोणी ओढल्यासारखं."

"आता उजवा झाका."

डाव्याने सगळ्या रेघा सरळ होत्या.

"उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग बिघडलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमची भिस्त याच डोळ्यावर, म्हणून दोन्ही उघडे असतानाही गुंताच दिसतो. इंजेक्शनं देऊन आहे ते टिकवता येईल. गेलंय ते येणार नाही. वाचताना आकडे चुकतात का? सहाचा शून्य, तीनचा आठ, असं?"

फोटोताई त्या कागदाकडेच बघत राहिली. नवऱ्याला वाटलं ती घाबरली. तिला त्या क्षणी स्वतःचा डोळा आठवतही नव्हता. दिव्यांखालची ती दुपार आठवत होती. रंगाची डबी आधी आली होती. तिने वाचलं होतं, आठ. मग ओरखड्याची आली, तीही आठच दिसली होती. क्षणभर ती थबकली होती. मग यादी बघितली, उरला होता तीन. म्हणून ही तीन. इतकं साधं.

"कधीपासून होतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सहा महिने," ती म्हणाली. त्या दोन नाण्यांचे फोटो काढून तीन महिने झाले होते.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेली. कॉम्प्युटर लावला, साठवणीतले ते दोन फोटो उघडले, उजवा डोळा तळहाताने दाबून धरला आणि पट्टीवरचा शेवटचा आकडा मोठा करत गेली. आकडा तळहाताएवढा होईपर्यंत थांबली नाही. रंगाच्या नाण्याच्या डबीवर तीन होता. डाव्या बाजूने उघडा, स्वच्छ, कोणत्याही पोराला वाचता यावा असा तीन. ओरखड्याच्या डबीवर आठ. आणि त्याच डबीच्या कोपऱ्याला, तेव्हाच, पार्सल बांधायच्या कितीतरी आधी, पांढरी चीर होती. संस्थेकडून येतानाच आपटली असणार. डबी कोणी उघडली नव्हती. नाणं कोणी बदललं नव्हतं. नाव तेवढं बदललं होतं, आणि ते तिने बदललं होतं.

हे फोटो जगात आणखी कोणी बघितलेले नव्हते. कोणी बघणारही नव्हतं. तिने दोन्ही निवडले आणि बोट पुसायच्या बटणावर नेलं. हे तिने नंतर स्वतःच सांगितलं, म्हणून माहीत. बोट किती वेळ तिथे होतं ते तिला सांगता आलं नाही. जिन्यावर फोनवालीच्या चपला वाजल्या, तशी तिने पडद्यावरची खिडकी बंद केली. फोटो तसेच राहिले. त्यात चांगुलपणा किती आणि चपलांचा आवाज किती, हेही तिला नीट सांगता आलं नाही.

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो कुलूप उघडून बसला होता, त्याचे बारीक स्प्रिंग फडक्यावर मांडलेले. ऐकता ऐकता त्याचा हात थांबला.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी," तो म्हणाला.

"चोर कुठे आहे यात?"

"तेही खरं." मग म्हणाला, "गप्प राहिलीस तर?"

"तर मामा चोर राहतील."

"आणि बोललीस तर तू आंधळी ठरशील. त्या कामावर कोण ठेवेल तुला? इंजेक्शनं आत्ता सुरू व्हायचीयत." त्याने हे रागाने म्हटलं नाही, घाबरून म्हटलं. मग फडक्याची टोकं गोळा केली, सगळे स्प्रिंग एकमेकांत मिसळले आणि तो पुटपुटला, "मी तुला गप्प राहा म्हणत नाही. मी काहीच म्हणत नाही."

दोन दिवस ती नुसती कामावर जाऊन आली. रविवारी दुपारी टेपमामांचं घर शोधत गेली. शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या, लोखंडी जिना. दार सुनेने उघडलं. फोटोताईने ओळख सांगितली, तरी सून क्षणभर दारातच उभी राहिली. मग आतून मामांचा आवाज आला, "ताई आल्यात का? अगं, आत घे."

मामा खिडकीशी बसले होते. दाढी वाढलेली. पुढ्यात पत्त्यांचा जोड, चार-चारच्या ओळीत पालथा मांडलेला. त्यांना हसू आलं. "खेळत नाहीये. परीक्षा देतोय. कुठे कोणतं पान आहे ते लक्षात ठेवायचं, मग उलटून बघायचं."

"कशाला?"

"तुमच्यामुळेच." ते सहज म्हणाले. "म्हणजे असं की, तुम्ही म्हणालात फोटो बरोबर, तर बरोबरच असणार. तुमचं काम मला माहीत आहे. मग चूक राहिली कोणाची? माझी. पहिले चार दिवस मी म्हणत होतो, मी काही केलं नाही. आता वाटतं, केलं असेल. डबी पडली असेल, फुटली असेल, मी घाबरून दुसरीच जोडली असेल, आणि विसरलो असेन. माझ्या वडिलांचं शेवटी तसंच झालं होतं. स्वतः वस्तू लपवायचे आणि आमच्यावर ओरडायचे." त्यांनी एक पान उलटलं. चौकट सत्ती. "ही मी बदाम दश्शी म्हणून धरली होती. बघा."

सुनेने पाण्याचा पेला आणून ठेवला आणि आत गेली. आतून कपाटाच्या किल्ल्यांचा आवाज आला. मामांनी आवाज खाली केला. "परवा तिने कपाटाला कुलूप लावलं. काही बोलली नाही, पोर चांगली आहे. नुसतं लावलं."

फोटोताई घरून निघताना मनाशी वाक्यं जुळवून आली होती. डोळ्यापासून सुरुवात करायची, डॉक्टरांचं सांगायचं, मग हळूहळू तिथे यायचं. त्यातलं एकही वाक्य तोंडातून आलं नाही.

"मामा, तुम्ही काही विसरलेला नाहीत. फोटोचं नाव मी चुकवलं. तीनचा आठ वाचला. मी बघितलंच नाही, तरी बघायची गरज नाही म्हणाले."

मामा तिच्याकडे बघत राहिले. तिने पुढचं सगळं सांगितलं, कोपऱ्यातली चीरही, बटणावरचं बोटही. मग मामांनी पत्ते गोळा करायला घेतले. जोड काही सरळ होईना. त्यांनी तो तसाच वेडावाकडा ठेवून दिला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"चार दिवस झाले."

"चार दिवस." ते खिडकीकडे वळले. "मी मरायच्या गोष्टी करत होतो या चार दिवसांत. मुलाला म्हटलं, मला कुठेतरी ठेव, तुम्हाला त्रास नको."

"मामा, मला..."

"नाही. माफी-बिफी आत्ता नको," ते म्हणाले. आवाज वाढला नव्हता. "आणि हे मला सांगून काय होणार? मी कोण? जिथे बोललात तिथे जाऊन बोला. तितक्याच मोठ्याने."

सोमवारी ती बोलली. पहिल्याच खोलीत, फोनवाली मुलगी समोर असताना, दोन्ही फोटो मोठे छापून टेबलावर ठेवून. मालकांनी ते उलटेपालटे करून बघितले. आधी त्यांना हायसं वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं, की ऑफिसात चोर नव्हता. दुसऱ्याच मिनिटाला पुढचं सुचलं आणि चेहरा पडला.

"तुम्हाला कळतंय का मी काय करून बसलोय? मी त्या माणसाला लिहून कळवलंय, चोर सापडला म्हणून. आता काय लिहू? आमची फोटोवाली आंधळी आहे?"

"एका डोळ्याने," फोटोताई म्हणाली.

"धंदा बसेल माझा!" मग ते थांबले, दाराकडे बघितलं. "हे फोटो अजून साठवणीत आहेत?"

"आहेत."

"कशाला आहेत?"

या प्रश्नाचा अर्थ तिला बरोबर कळला. फोनवालीलाही कळला, कारण तिने मान खाली घातली.

"मी पुसले नाहीत म्हणून आहेत. पुसायला गेले होते, तेही सांगते. आता तुम्ही पुसलेत तरी छापलेले माझ्या घरी आहेत आणि मामांच्या घरी आहेत." मामांच्या घरी नव्हते. ते तिने ऐन वेळी ठोकून दिलं. आणि संध्याकाळी जाऊन सुनेच्या हाती दिले, म्हणजे खोटं ठरायला नको.

मालक माणूस वाईट नव्हते, भित्रे होते. दोन दिवस धुसफुसले आणि मग जे करायला हवं ते एकेक करून केलं. इंजिनियरला खरं काय ते कळवलं. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं, की यापुढे माल पाठवू नये. तीन नंबरचं नाणं ज्याने घेतलं होतं त्यालाही लिहिलं, फोटोची अदलाबदल झाली होती, आपली तयारी असेल तर परत घेऊ. त्याने कळवलं, "फोटोपेक्षा नाणं चांगलं निघालं अशी माझी काहीच तक्रार नाही." त्या पत्रावर फोनवाली एकटीच हसली, तेही तोंडावर हात धरून.

मामांना मालकांनी परत बोलावलं. ते आले, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, सोबत मुलाला घेऊन. पण कामावर नाही. म्हणाले, "मला लेखी पाहिजे." मालकांनी आधीच दोन ओळी टाइप करून ठेवल्या होत्या. मामांनी त्या मुलाला मोठ्याने वाचायला लावल्या. "गैरसमजातून झालेल्या प्रकाराबद्दल..."

"थांब," मामा म्हणाले. "गैरसमज काढा. चूक लिहा. आणि कोणाची, तेही लिहा."

मालकांनी फोटोताईकडे बघितलं.

"लिहा," ती म्हणाली. "फोटोंना नावं देणाऱ्या बाईंची. आणि न तपासता बोलल्याचीही."

"आणि न तपासता ऐकून घेणाऱ्याचीही," मामांचा मुलगा म्हणाला. मालक लाल झाले, पण तेही लिहिलं. कागद पाऊण पानाचा झाला. मामांनी घडी करून खिशात घातला. जाताना दुसऱ्या खोलीच्या दाराशी थांबले. फोटोताई उठून उभी राहिली.

"येतो, बाई," ते म्हणाले.

अकरा वर्षं त्यांनी तिला ताईशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. ती खाली बसली, आणि जिन्यावरची त्यांची पावलं तळमजल्यापर्यंत ऐकत राहिली. त्यानंतर दोघांची भेट झाली नाही. ते पुढे एका छापखान्यात गठ्ठे बांधायला लागले, एवढं तिला फोनवालीकडून कळलं.

मालकांनी तिला तीन महिने ठेवलं. नवीन मुलीला काम शिकवायचं आणि मग मोकळं व्हायचं, असं ठरलं. दर महिन्याला इंजेक्शन होत होतं. चौकटीचा फुगवटा वाढायचा थांबला, कमी मात्र झाला नाही. शिकवून झालं की उरलेल्या वेळात तिने आपणहून एक काम काढलं. डोळा बिघडल्यापासूनचे सगळे फोटो, नऊशे चाळीस, उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून साठवणीतल्या पट्ट्यांशी ताडून बघायचे. कोणी सांगितलं नव्हतं. मालक म्हणाले, "कशाला उकरून काढताय?" पण अडवलं नाही.

शेवटच्या आठवड्यात ते संपलं. घरी आली तेव्हा नवरा मटार सोलत बसला होता. तीही समोर बसली आणि चार शेंगा पुढे ओढल्या.

"झालं सगळं बघून?" त्याने विचारलं.

"झालं."

"मग?"

"आणखी दोन चुका सापडल्या. एका ठिकाणी एकचा सात, आणि एक नाणं तर पूर्णच दुसऱ्या नावाने गेलंय. दोन्ही विकली गेलीत. कोणी काही कळवलेलं नाही."

नवऱ्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मालकांना सांगितलंस?"

"सकाळी सांगते."

"ते म्हणतील, बाई जाता जाताही घर जाळून जाते."

"म्हणतील," ती म्हणाली. शेंगेतला एक दाणा घरंगळून खाली गेला. तिने वाकून तो बोटांनी चाचपत शोधला, टेबलाच्या पायाशी सापडला, आणि पुसून वाटीत टाकला.